आधी खालून बघ

प्रिय,

तुझे दोन्ही मेसेज वाचले, फोटोही मोठे करकरून बघितले. पोर्शेची छप्पर उघडणारी लाल बॉक्स्टर, फक्त ३८,००० किलोमीटर, रंग आरशासारखा. आणि दुसरी बॉक्स्टर, ती करडी, १,४०,००० चाललेली, पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके, पण सोबत बिलांची जाडजूड फाइल. दोन रात्री झोप नाही म्हणतेस. लागणार कशी? मन लाल गाडीत जाऊन बसलंय आणि डोकं करडीच्या फाइलमध्ये अडकलंय. कळतं मला ते. पण तू मला अकरा प्रश्न विचारलेस, रंगापासून सायलेन्सरच्या आवाजापर्यंत, आणि त्यात गाडीच्या पोटाबद्दल एकही नाही. याचा मात्र राग आला.

आधी खालून बघ. लिफ्टवर चढवून, खालची आवरणं सोडवून, हातात टॉर्च घेऊन. बाकीचं सगळं त्यानंतर.

साध्या गाडीचं बोनेट उघडलं की इंजिन समोर असतं. बॉक्स्टरचं पुढचं झाकण उघड, सामानाची जागा. मागचं उघड, तिथेही सामानाचीच जागा, फार तर तेल आणि कूलंट भरायची टोपणं. इंजिन या दोन्हींच्या मधे, तुझ्या पाठीला लागून, झाकलेलं. छपराखालून आणि सीटमागून झाकणं निघतात, पण त्यातून पट्टा, नळ्या आणि थोडा वरचा भाग एवढंच दिसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची ती हीच, आणि ती उघडते खालून.

मी ते केलं नाही. माझी २००१ची होती, चांदीच्या रंगाची, विकणारा गोड बोलणारा. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे वाक्य मलाही ऐकवलं होतं, तुला आत्ता ऐकवतायत तसंच. मी त्याच संध्याकाळी पैसे दिले. पाचव्या महिन्यात चढावर मागून खडखड आली, तेलाचा दिवा लागला आणि गाडी जागच्या जागी बंद. मेकॅनिकने तेलाचा फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला आणि उन्हात धरला. लग्नातल्या साडीवर असते तशी चमकी होती त्यावर. सगळं लोखंड.

या इंजिनात पिस्टन जिला फिरवतात त्या क्रँककडून, व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे फिरणं पोचवणारी एक मधली शाफ्ट असते, आणि तिच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला एक बेअरिंग. ते गेलं की व्हॉल्व आणि पिस्टनची वेळ चुकते, ते एकमेकांवर आपटतात, आणि इंजिन संपतं. माझ्या गाडीत ते बेअरिंग गोळ्यांच्या एकेरी रांगेचं, आणखी नाजूक. २००६ ते २००८मध्ये मोठं बसवलं, पण ते इंजिन फोडल्याशिवाय निघत नाही. २००९पासूनच्या इंजिनांत ही शाफ्टच नाही. तुझ्या दोन्ही गाड्या जुन्या पिढीच्या, म्हणून एवढं सांगतोय.

पण मला जे अजून सलतं ते पुढचं. माझी गाडी लिफ्टवर चढली तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर तेल आणि धूळ मिळून काळा थर बसला होता, नखाने खरवडावा लागेल इतका घट्ट. पाच महिन्यांत असा थर बसत नाही. मी पैसे मोजत होतो तेव्हाही तो तिथे होता. अशी गळती म्हणजे बेअरिंग गेलंच असं नाही, बऱ्याचदा नुसता क्रँकचा तेल अडवणारा सील असतो. पण मी थांबलो असतो, विचारलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं गं.

म्हणून करडीच्या फाइलमध्ये क्लचचं बिल शोध. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवल्याशिवाय त्या बेअरिंगला हात लागत नाही, त्यामुळे शहाणा मालक क्लचबरोबर तेही बदलून घेतो. एकाच बिलात दोन्ही दिसलं तर तो माणूस गाडीवर जीव लावणारा. तरीही खालून बघ. बिल कागदाचं असतं.

आणि लालच्या ३८,०००वर भाळू नकोस. उभ्या गाडीचं रबर वाळतं, सील कडक होतात. तिच्या टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच: २३१४ म्हणजे २०१४चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी आणि रबर दगड झालेलं असेल, तर ते टायर आधी फेक. वजन मधे असल्यामुळे ही गाडी चटकन वळते, आणि मागचं सुटलं तर तितक्याच चटकन गिरकी घेते. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडलास की मागची चाकं हलकी होतात. १९८९च्या टोयोटा एमआर टूची याच कारणाने बदनामी झाली होती, पुढे कंपनीने तिचं सस्पेन्शन आणि टायर बदलले. तू अजून असली गाडी चालवलेली नाहीस. हे हसण्यावारी नेऊ नकोस.

समोरच्या बंपरच्या जाळ्यांत टॉर्च मार, मागे रेडिएटर आहेत आणि तिथे साठलेला पाला ओला राहून ते कुजवतो. सीटखालचं कार्पेट हाताने दाब, ओल लागली तर छपराकडच्या पाणी जायच्या नळ्या तुंबल्यात, आणि सीटखालीच गाडीच्या कुलपाचं इलेक्ट्रॉनिक्स आहे.

विकणारा लिफ्टला नाही म्हणाला तर निघून ये. मीही असा निघून आलोय. पुढे एक काळी केमन, बॉक्स्टरचीच पक्क्या छपराची बहीण, मिळत होती, मालक म्हणाला, "विश्वास नसेल तर राहू द्या." मी राहू दिली. ती ज्याने घेतली त्याच्याकडे ती आजही ठणठणीत चालते, आणि मित्र मला दर भेटीत ते ऐकवतात. ऐकवू देत. मला त्या दिवशी ती चांगली आहे हे माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं, कारण तिला कुणी खालून बघितलंच नव्हतं. त्याला दान चांगलं पडलं, याला गाडी ओळखणं म्हणत नाहीत. आज पुन्हा तशीच वेळ आली तरी मी तेच करीन. आणि चांदीची माझी, नवीन इंजिन घालून अकरा वर्षं चालवली. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च झाला. वेडेपणा म्हणणारे म्हणोत, चूक माझी होती, गाडीची नव्हती, आणि माझ्या चुकीपायी तिला भंगारात पाठवणं मला जमलं नसतं.

आज दोन्ही मालकांना फोन कर. गोडीत विचार, पण लिफ्टचं विचारच. "उद्या दुसरं गिऱ्हाईक" म्हणाले तर म्हण, येऊ दे. रविवार मोकळा ठेवलाय मी. टॉर्च माझ्याकडे आहे, तू जुने कपडे घालून ये, कारण गाडीखाली तू जाणार आहेस, मी नाही.

तुझा,
काका