लोफोटेनच्या बेटावर लाकडी घरात सुट्टी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरील बेटांवर घर भाड्याने घेऊन सुट्टी घालवण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक वाचकांचा रोख लोफोटेनकडे असल्यामुळे उत्तरेही त्याच बेटांपुरती ठेवली आहेत.

प्रश्न: सत्तरीच्या घरातले माझे आई-वडील, आम्ही पती-पत्नी आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले असे आम्ही जुलैमध्ये लोफोटेनला जाणार आहोत. पाण्याच्या काठी असलेल्या लाल लाकडी घरात राहावे, अशी मुलांची फार इच्छा आहे. सहलीची आखणी करून देणाऱ्यांनी सात रात्रींत चार मुक्काम सुचवले आहेत. हे योग्य होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: माझे स्पष्ट मत असे आहे की सातही रात्री एकाच घरात राहावे. स्वोल्व्हेर या मुख्य गावापासून रस्ता जेथे संपतो त्या ऑ नावाच्या गावापर्यंतचे अंतर सुमारे 130 किलोमीटर आहे आणि वाटेतली मोठी बेटे पूल व बोगद्यांनी जोडलेली आहेत. त्यामुळे मधल्या एखाद्या गावात राहिलात तर दोन्ही टोके एकेका दिवसात पाहून परत येता येते. दुसरे कारण हवामानाचे आहे. जुलैतही तेथे सरासरी तापमान बारा-तेरा अंशांच्या आसपास असते आणि पाऊस केव्हाही येतो. सकाळी समोरचा डोंगर दिसत नसेल तर त्या दिवशी घरी बसावे, संध्याकाळी ढग निघून गेले तर जेवणानंतर बाहेर पडावे, उजेड रात्रभर असतोच. ही मोकळीक एका जागी राहणाऱ्यालाच मिळते. रोज सामान बांधणाऱ्याला पावसातही पुढच्या गावी जावेच लागते.

तिसरे कारण आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. या घरांत हॉटेलसारखी सेवा नसते. चादरी आणि टॉवेल अनेकदा वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात, आणि निघण्यापूर्वी घर स्वच्छ करून देणे ही पाहुण्याची जबाबदारी असते: भांडी घासून जागेवर ठेवायची, स्वच्छतागृह धुवायचे, फरशी पुसायची, कचरा वेगवेगळा करून टाकायचा. पैसे भरून हे काम दुसऱ्याकडून करून घेण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, परंतु ती आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावी. सहा माणसांच्या कुटुंबाने आठवड्यात चार वेळा हे करणे म्हणजे सुट्टी त्यातच खर्ची घालणे होय.

गाव निवडताना व्हेस्टव्होगॉय या मधल्या बेटाचा विचार करावा. त्यावरील बालस्टा किंवा स्टामसुंद या गावांत मच्छीमारांची जुनी घरे भाड्याने मिळतात, आणि मोठी दुकाने असलेले लेकनेस दहा-पंधरा किलोमीटरवर आहे. छायाचित्रांमुळे सर्वांना राइने गावातच राहावेसे वाटते. राइने खरोखरच सुंदर आहे, परंतु जुलैत त्या अरुंद रस्त्यावर गाड्या थांबवायलाही जागा नसते. तेथे एक दिवस सकाळी लवकर जाऊन यावे. गावामागच्या 448 मीटर उंचीच्या राइनेब्रिंगेन डोंगरावर नेपाळहून आलेल्या शेर्पांनी दगडी पायऱ्या बांधल्या आहेत. ती चढण तुमच्यासाठी आहे, आई-वडिलांसाठी नाही. त्यांना पुढे ऑ येथे घेऊन जावे. मासेमारीच्या गावाचे संग्रहालय तेथे आहे आणि 1844 सालच्या इमारतीतल्या बेकरीत दालचिनीचे ताजे बन मिळतात. हाउकलान आणि उत्ताक्लाइव्ह या दोन किनाऱ्यांमध्ये डोंगराला वळसा घालून जाणारा जुना रस्ता आहे. तो जवळजवळ सपाट असून समुद्र सतत शेजारी राहतो. वडीलधाऱ्यांसाठी याहून चांगली पायवाट मला त्या भागात माहीत नाही.

आता घराविषयी. लाकडी खांबांवर, निम्मे पाण्यावर उभे असलेल्या या घराला तेथे रोर्बू म्हणतात. हिवाळ्यात कॉड मासा पकडण्यासाठी दूरदूरहून वल्ही मारत येणाऱ्या मच्छीमारांना निवारा मिळावा म्हणून राजा ऑयस्टाइन याने इ. स. 1120 च्या सुमारास व्होगान येथे अशी घरे बांधवून घेतल्याचे इतिहास सांगतो. एका खोलीत जाळी आणि आमिष, दुसऱ्या खोलीत दाटीवाटीने झोपलेली माणसे, अशी त्यांची रचना होती. आज त्यांत स्वयंपाकघर, गरम पाणी आणि विजेचे हीटर आहेत. काही घरे तर जुन्या धाटणीने नव्यानेच बांधलेली आहेत. खऱ्या जुन्या घरात मात्र निजण्याची जागा माळ्यावर असते आणि तेथे जाणारा जिना शिडीइतका उभा असतो. तेव्हा खाली किमान एक झोपण्याची खोली आहे का आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, हे घरमालकाला लेखी विचारावे. सहा वर्षांच्या मुलासाठी जीवरक्षक जाकीटही मागून घ्यावे आणि घराबाहेरच्या लाकडी धक्क्यावर खेळतानाही ते त्याच्या अंगात असू द्यावे. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या असतात आणि ते पाणी उन्हाळ्यातही फार थंड असते.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. बेटावर आमची उपासमार होईल का? घरून काय काय नेता येईल? (एक वाचक, सांगली)

उत्तर: उपासमार होणार नाही, मात्र उपाहारगृहांवर अवलंबून राहू नये, कारण तेथील जेवण माशांभोवतीच फिरते. तुमच्या घराला स्वयंपाकघर असणे हीच तुमची सर्वांत मोठी सोय आहे.

नेण्याच्या सामानाबाबत एक नियम काटेकोरपणे पाळावा. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी भारतातून मांसाचे किंवा दुधाचे पदार्थ नेण्यास तेथेही बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी, पनीर, खवा यांपैकी काहीही बॅगेत ठेवू नये. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर यांनाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तेव्हा त्या घरीच राहू द्याव्यात. बटाटेही नेऊ नयेत. डाळ, पोहे, रवा, भाजणी, मेतकूट, मसाले, दाण्याची चटणी आणि तेलातले लोणचे स्वतःपुरते नेण्यास हरकत नाही. तुपाची अडचण तेथेच सुटते: दुकानातून मीठ नसलेले लोणी आणावे आणि मंद आचेवर कढवावे. साधे दहीही उत्तम मिळते. लेकनेस आणि स्वोल्व्हेर येथील मोठ्या दुकानांत तांदूळ, छोले, मसूर, टोमॅटो, कांदे सर्व असते. रविवारी मोठी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन दिवसांची खरेदी उरकावी.

चुली विजेच्या असतात, बऱ्याच ठिकाणी इंडक्शनच्या. छोटा कुकर नेणार असाल तर त्याच प्रकारच्या चुलीवर चालणारा, सपाट बुडाचा न्यावा. आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण ती फार उपयोगाची आहे. प्रत्येक घराच्या छताला धूर ओळखणारी घंटा बसवलेली असते आणि लाल मिरच्यांची फोडणी तिला पुरेशी होते. फोडणी टाकण्यापूर्वी चुलीवरचा पंखा पूर्ण वेगाने लावावा, खिडकी उघडावी आणि तेल नेहमीपेक्षा कमी तापवावे. ती घंटा काढून ठेवण्याचा किंवा झाकण्याचा विचारही करू नये, कारण सबंध घर लाकडाचे आहे आणि शेजारचे घर चार हातांवर आहे.

प्रश्न: आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे आहे. तेथे होडी भाड्याने घेऊन स्वतः मासे पकडता येतात का? सुकवलेल्या कॉडविषयीही वाचले आहे, तो केव्हा पाहायला मिळेल? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: तुमच्या पत्राने मला विशेष आनंद झाला, कारण या बेटांचे सारे जीवनच मासेमारीवर उभे आहे आणि ते समजून घेण्याची दृष्टी तुमच्याजवळ आधीपासून आहे.

प्रौढ कॉड मासा जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालण्यासाठी लोफोटेनच्या पाण्यात येतो. पकडलेल्या माशाचे डोके काढतात, पोट साफ करतात, शेपटीशी बांधून दोन-दोन मासे जोडतात आणि ते उघड्यावरच्या उंच लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. आपल्याकडे बांबूंवर टांगलेले बोंबील उन्हाने काही दिवसांत वाळतात; तेथे हेच काम थंड वारा दोन-तीन महिने करतो. तापमान शून्याच्या फार खाली गेले तर मासा गोठून त्याचे मांस बिघडते, फार वर गेले तर माश्या बसतात. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे लोफोटेनचा वसंत ऋतू नेमका या दोहोंच्या मध्ये राहतो, म्हणून हा धंदा तेथे इतका रुजला. वाळलेला मासा लाकडासारखा टणक होतो आणि त्याचे वजन मूळच्या सुमारे एक पंचमांश उरते. मग जाणकार माणूस एकेक मासा हातात घेऊन, पाहून, वास घेऊन त्याची प्रत ठरवतो. चांगला माल मुख्यतः इटलीला जातो आणि वाळवलेली डोकी नायजेरियाला. हे सारे पाहायचे असेल तर मार्च किंवा एप्रिलमध्ये जावे. जूनपर्यंत मासे उतरवलेले असतात आणि जुलैच्या प्रवाशाला नुसते मांडव दिसतात. मांडवांवर चढू नये आणि टांगलेल्या माशांना हात लावू नये. तो कोणाच्या तरी वर्षभराच्या कमाईचा माल असतो.

होडी जरूर मिळते. समुद्रात गळाने मासे पकडण्यासाठी परवाना लागत नाही; नदीत व तळ्यात मात्र लागतो. परदेशी पाहुण्याला फक्त हातातली दोरी किंवा गळाची काठी वापरता येते, जाळे टाकता येत नाही, आणि पकडलेला मासा विकता येत नाही. ठरलेल्या मापापेक्षा लहान मासा परत सोडावा लागतो. हॅलिबट हा मोठा चपटा मासा दोन मीटरहून लांब असेल तर तोही सोडून द्यावा लागतो, कारण त्या मोठ्या माद्या असतात आणि पुढची पैदास त्यांच्यावर अवलंबून असते. मासा देशाबाहेर नेण्याची मुभा केवळ नोंदणीकृत मासेमारी-निवासात उतरलेल्यांना आणि मर्यादित वजनापर्यंतच आहे, परंतु तुम्हाला तो भारतात आणायचा नसल्यामुळे ताजा शिजवून खावा, हेच उत्तम. कॉडचे मांस आमटीत लगेच सुटते, म्हणून तो शेवटी सोडावा आणि डावाने ढवळू नये. तिखले करायचे असेल तर घट्ट मांसाचा स्टाइनबिट नावाचा मासा अधिक चांगला.

होडीबाबतचे नियम तुम्हाला साधे वाटतील, तरीही ते पाळावेत. आठ मीटरहून लहान होडी चालू असताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असणे 2015 पासून सक्तीचे आहे. होडी आठ मीटरहून लांब किंवा इंजिन 25 अश्वशक्तीहून मोठे असेल, तर 1 जानेवारी 1980 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. भाड्याच्या होड्या बहुधा या मर्यादेच्या आत ठेवलेल्या असतात. रोज सकाळी नॉर्वेच्या हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि घरमालकाने जाऊ नका म्हटले तर जाऊ नये. कोकणच्या समुद्राचा कितीही अनुभव असला तरी हे पाणी वेगळे आहे: त्यात पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात. मोस्केनेसॉय आणि व्हेरॉय या बेटांमधून भरती-ओहोटीचा जो प्रचंड प्रवाह वाहतो, तेथे स्वतः होडी घेऊन मुळीच जाऊ नये. समुद्रावरील संकटासाठी 120 हा क्रमांक आहे.

प्रश्न: मध्यरात्रीचा सूर्य घराच्या खिडकीतून दिसेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: बहुधा नाही. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य तेथे मावळत नाही, परंतु बहुतेक जुनी गावे वादळापासून आडोसा मिळावा म्हणून बेटांच्या दक्षिण-पूर्व बाजूला वसली आहेत आणि मध्यरात्री सूर्य उत्तरेला, डोंगरांच्या मागे असतो. तो पाहण्यासाठी एगुम, उन्स्टा किंवा उत्ताक्लाइव्ह या उघड्या किनाऱ्यांवर गाडीने जावे लागेल. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्यावी. पडदे अनेकदा पातळ असतात.

प्रश्न: व्हिसा आणि गाडी यांची तयारी केव्हा सुरू करावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नॉर्वे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे शेंगेन व्हिसाच लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जुलैसाठी मार्च-एप्रिलमध्येच तो द्यावा, कारण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळणे कठीण होते. जून 2024 पासून प्रौढांसाठी शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. घराचे आरक्षण सहसा एकाच व्यक्तीच्या नावाने होते, म्हणून राहणाऱ्या सर्वांची नावे आणि तारखा असलेले पत्र घरमालकाकडून मागून घ्यावे आणि ते प्रत्येकाच्या अर्जाला जोडावे.

गाडी ऑस्लोपासून चालवत नेण्याची गरज नाही. रेल्वेने बोडो येथे जाऊन तेथून लोफोटेनमधल्या मोस्केनेसला जाणारी फेरी बोट घ्यावी, किंवा विमानाने एव्हेनेस येथे उतरून गाडी भाड्याने घ्यावी. 2007 मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याने एव्हेनेसहून फेरी बोटीशिवाय थेट लोफोटेनमध्ये जाता येते. बोडोहून निघणाऱ्या फेरी बोटीचा मार्ग उघड्या समुद्रातून तीन तासांहून अधिक आहे, ज्यांना बोट लागते त्यांनी आधीच औषध घ्यावे. आपल्या वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आणि तिचे दिवे भर दिवसाही लावायचे असतात. गावांकडे जाणारे आडरस्ते एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत, आणि त्यांवर ठरावीक अंतराने एम अक्षराची पाटी लावलेली रुंद जागा असते. समोरून गाडी येताना दिसली की ज्याला ती जागा जवळ असेल त्याने तेथे थांबून दुसऱ्याला वाट द्यावी. छायाचित्र काढण्यासाठी मात्र त्या जागेत गाडी उभी करू नये.