आई-बाबांची जॉइंट अ‍ॅन्युइटी: पेन्शन अर्धी-अर्धी दाखवता येईल का?

देवगडच्या बागेतले आंब्याचे पैसे घालून बाबांनी स्वतःच्या आणि आईच्या नावावर अ‍ॅन्युइटी (विमा कंपनीकडे एकरकमी पैसे भरून मिळणारी आयुष्यभराची पेन्शन) घेतली तर कर दोघांत विभागता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही येणार.

जॉइंट लाइफ अ‍ॅन्युइटी म्हणजे सामायिक घर-बागेसारखी निम्मी-निम्मी मालकी नव्हे. बाबा पहिले पेन्शनधारक असतील तर ते हयात असेपर्यंत पेन्शन त्यांनाच मिळते आणि पूर्ण रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून त्यांच्याच स्लॅबने करपात्र होते. त्यांच्या पश्चात ती आईला सुरू होते, मग कर आईच्या नावावर.

आईला पहिली पेन्शनधारक केलं तरी पैसे बाबांचे असतील तर क्लबिंग लागतं (१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ६४). पेन्शन आईच्या खात्यात येते, पण मोजली जाते बाबांच्या उत्पन्नात. ती पेन्शन साठवून आईने एफडी केली तर त्या एफडीचं व्याज मात्र आईचंच.

मला विचाराल तर तुमचे स्वतःचे पैसे तुम्ही आईला भेट द्या. सज्ञान मुलाने आईला दिलेल्या भेटीवर कर नाही आणि तिथे क्लबिंगही नाही. आईची स्वतःची बचत असेल तर आधी तीच वापरा.

आणि एक, आपल्याकडे हमखास चुकतं ते: आंब्याचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यातून घेतलेली पेन्शनही करमुक्त असं होत नाही. उलट शेतीबाहेरचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेलं आणि शेतीचं ५,००० रुपयांहून जास्त असलं, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्नही धरतात.