‘बन का’ नव्हे, ‘बून का’

प्रश्न असा आला आहे: एका प्रवासवर्णनाच्या भाषांतरात ‘बन का’ या व्हिएतनामी पदार्थाचं नाव ‘फिश बन सूप’ असं दिलंय. हा पावाचा प्रकार आहे का? मराठीत काय लिहावं?

पावाचा काही संबंध नाही. रोमन अक्षरं पाहून भाषांतरकाराला बनमस्का आठवला असावा. मूळ उच्चार ‘बुन्’च्या जवळचा. मी ‘बून’ लिहीन, कारण अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार मराठीत दीर्घ असतो: ऊन, खूण, मूल, तसंच बून.

बून म्हणजे तांदळाच्या गोल, पांढऱ्या शेवया. तांदूळ भिजवून, वाटून, पारंपरिक पद्धतीत आंबवून त्याचा गोळा करतात आणि साच्यातून थेट उकळत्या पाण्यात सोडतात. कोकणातले शिरवाळे आठवा. फरक इतकाच की आपण उकडीचे गोळे आधी शिजवतो आणि मग साच्यातून दाबतो. त्यामुळे ‘नूडल्स’पेक्षा ‘तांदळाच्या शेवया’ मला जवळचं वाटतं. शिवाय ‘नूडल्स’ म्हटलं की एक अडचण होते. व्हिएतनामी माणूस गव्हाच्या त्या ‘मी’, तांदळाच्या पातळ पापडीच्या चपट्या पट्ट्या त्या ‘फो’ आणि जाड, गुबगुबीत ते ‘बान्ह कान्ह’ अशी सगळी नावं वेगळी ठेवतो. आपण एका शब्दात ती सगळी एकाच टोपलीत टाकतो.

आता ‘का’. का म्हणजे मासा, पण सूर चढता हवा. सूर उतरला की तोच शब्द वांगं होतो. टोमॅटोला ते ‘का चुआ’ म्हणतात, म्हणजे आंबट वांगं. उत्तरेकडच्या बून कामध्ये तळलेला मासा, शेपू आणि बऱ्याचदा टोमॅटोही असतो, म्हणजे एका वाडग्यात दोन ‘का’. देवनागरीत हा फरक दाखवायची सोय नाही. ‘बून का?’ असं लिहिलं तर तो प्रश्नच वाटेल, हा धोका वेगळाच.

नुसतं ‘बून का’ हे ‘माशाची आमटी’ म्हणण्याइतकं मोघम आहे. गावागणिक ते बदलतं. नावांची खरी गंमत मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात, त्रा विन्ह आणि सोक त्रांगकडच्या ‘बून नुअक लेओ’त आहे. नुअक म्हणजे पाणी (देशालाही हाच शब्द!), आणि नुअक लेओ म्हणजे दक्षिणेत शेवयांवर ओततात तो रस्सा, उत्तरेत त्यालाच ‘नुअक झुंग’ म्हणतात. आपणही मटणाच्या उकडीला ‘अळणी पाणी’ म्हणतोच. हे पाणी मात्र अळणी मुळीच नाही. त्याचा जीव आहे आंबवलेल्या खाऱ्या माशात, ख्मेर, म्हणजे कंबोडियन वंशाच्या, लोकांच्या ‘प्राहोक’मध्ये. व्हिएतनामींनी त्याचं ‘बो होक’ केलं. त्यांच्या भाषेत ‘बो’ म्हणजे गाय, पण इथे गाय नाही. केवळ उच्चाराची ओढाताण. वास आवरायला गवती चहा आणि आल्याच्या कुळातलं ‘न्गाई बून’ नावाचं मूळ घालतात. वर कोळंबी, भाजलेलं डुकराचं मांस, केळफुलाच्या बारीक कापा.

आणि मासा? ‘का लॉक’. शब्दकोशात ‘स्नेकहेड’ बघून कुणी ‘सापमुंडी मासा’ करील म्हणून सांगतो: हा आपल्या मरळीचा सख्खा भाऊबंद आहे, तेव्हा सरळ ‘मरळ’ लिहा. तिथेही एक नाव नाही. उत्तरेत हाच ‘का क्वा’, मध्य भागात ‘का त्राउ’.

जाता जाता ‘न्ह’बद्दल. हे रोमन लेखन पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या वळणाचं. आलेक्सांद्र द रोड या जेझुइटाचा व्हिएतनामी शब्दकोश 1651 मध्ये रोममध्ये छापला गेला, आणि त्याआधी हा गृहस्थ काही काळ गोव्यात राहिला होता. गोव्यातल्या ‘नोरोन्हा’तला आणि ‘बान्ह’मधला ‘न्ह’ एकाच घरचा. दोन्हीकडे मूळ उच्चार ‘ञ’कडे झुकणारा. आपण अक्षरं वाचून ‘न्ह’ म्हणतो. रूढ झालंय, मी ते बदलायच्या भानगडीत पडणार नाही.

थोडक्यात भाषांतरात पहिल्यांदा ‘बून का, म्हणजे माशाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया’ असं लिहा, पुढे नुसतं ‘बून का’. ‘सूप’ मी टाळेन. वाडगाभर शेवयांचं हे जेवण आहे, जेवणाआधीचं पेय नव्हे.