पोथी बाजूला ठेवण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तू ज्या सत्संगाला जातोस तिथे सांगतात, की ग्रंथ म्हणजे ओझे, अनुभव आला की पुरे. तुला ते पटतेही आहे आणि आत कुठेतरी टोचतेही आहे. ते टोचणे खरे आहे, ते दाबू नकोस. मला विचारशील तर पोथी सोडू नकोस. निदान कुणी सांगितले म्हणून तरी सोडू नकोस.

ग्रंथाला ओझे म्हणणाऱ्यांच्या तोंडी तुकोबांचे एक वचन हमखास असते: ‘वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा। येरांनी वहावा भार माथां॥’ पण हा चरण नीट ऐक. त्यात वेद नाकारलेला नाही, त्याचा अर्थ आम्हाला कळला आहे असे तुकोबा छातीठोकपणे सांगताहेत. तो कळला कसा, तेही त्यांनी आत्मचरित्रपर अभंगात सांगून ठेवले आहे. आधी अभ्यासात चित्त नव्हते, मग ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें। विश्वासें आदरें करोनियां॥’ आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले. आधीच्या संतांची वचने ज्याने आदराने पाठ केली, त्याला भार कशाला म्हणतात ते सांगण्याचा अधिकार होता. पाठांतराची ती वर्षे गाळून फक्त निष्कर्ष उचलायचा, हे मला मान्य नाही.

एकनाथांचे घे. जनार्दनस्वामींचा हा अनुग्रहित शिष्य, अनुभवाला काही कमी नव्हते. तरी पैठणला बसून त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, शिरलेले अपपाठ काढले आणि 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. एकेका ओवीसाठी इतके कष्ट! नेवाशाला 1290 मध्ये सांगितलेला शब्द जसाच्या तसा पुढच्यांच्या हाती पडावा, ही त्यांची तळमळ होती. तुझ्या-माझ्या हाती आज ती पोथी आहे, त्यात त्या कष्टांचा वाटा आहे.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे जातो आणि आपण काय काय शिकलो याची लांबलचक यादी सांगतो: चारही वेद, इतिहास-पुराण, गणित, नक्षत्रविद्या. आणि शेवटी म्हणतो, मी मंत्र जाणतो, आत्मा जाणत नाही; मी शोकात आहे. एवढा विद्वान माणूस हे कबूल करतो, त्याने मन हलते. सनत्कुमार यावर काय करतात ते पाहा. ते त्याला शिकलेले टाकून दे म्हणत नाहीत. हे सगळे नाम म्हणजे शब्दच आहेत, त्या नामाचीच उपासना कर, असे सांगून तिथूनच सुरुवात करतात आणि वाणी, मन, संकल्प अशा पायऱ्यांनी त्याला ‘भूमा’पर्यंत, म्हणजे अनंतापर्यंत, नेतात. मुंडकोपनिषद तर वेदांनाही अपरा, म्हणजे खालच्या पायरीच्या, विद्येत धरते. स्वतःची मर्यादा स्वतःच सांगणारे शास्त्र आहे आपले, आणि म्हणूनच माझा त्याच्यावर विश्वास आहे.

त्याच मुंडकात गुरू कसा असावा तेही आले आहे: श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ. म्हणजे शास्त्र ऐकलेला, शिकलेला, आणि ब्रह्मात स्थिरही. दोन्ही हवे. समर्थांच्या परंपरेत शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती आणि आत्मप्रचीती जुळली पाहिजे असे म्हणतात ते याचसाठी. वारकरी कीर्तनात हे डोळ्यांनी दिसते. बुवा निरूपणाला एक अभंग घेतात आणि प्रत्येक मुद्द्याला ज्ञानेश्वरीचे, गाथ्याचे प्रमाण देतात. त्यांनी चरण उचलला, की मागचे टाळकरी तो पुरा करतात. समोर बसलेल्या आजीलाही तो पाठ असतो. अशा सभेत बुवा मनाला येईल ते सांगू शकत नाहीत. श्रोत्यांच्या हातून पोथी काढून घेतली, तर बोलणाऱ्याला पडताळून पाहायचे कशाने? गीतेने गुरूपुढे प्रणिपात म्हणजे नमस्कार आणि सेवा यांबरोबर परिप्रश्न, म्हणजे खोदून विचारणेही, सांगितले आहे. तुझ्या सत्संगात प्रश्न विचारता येतो का, एवढे आधी पाहा.

शास्त्राकडे भलते मागायला मात्र जाऊ नकोस. गीताभाष्यात शंकराचार्य म्हणतात, शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, अग्नी थंड आहे असे सांगितले तरी ते प्रमाण होत नाही. जे डोळ्यांना आणि तर्काला कळते, तिथे श्रुतीचे काम नाही. तेव्हा उपनिषदात विमाने आणि अणू शोधणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

आणि पोथ्यांत जे अन्यायाचे आहे त्याच्यावरून डोळे फिरवू नकोस. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, ती का, हे तुझ्या वयात वाचलेच पाहिजे. श्रुती आणि मनुस्मृतीसारख्या स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवत्तर, हा परंपरेचाच नियम आहे, पण एवढ्यावर सुटका होत नाही. वेद तीनच वर्णांच्या कानी लागला, त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, असे ज्ञानदेवांनी अठराव्या अध्यायात उघड म्हटले आहे. गीतेच्या रूपाने ती उणीव भरून निघाली, असे ते पुढे सांगतात. शास्त्राला इतका जाब विचारूनही शास्त्रावरच नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगणारा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो.

किती वाचायचे, असेही तू विचारले आहेस. थोडे. ज्ञानदेवच म्हणतात, ‘जरी वेदें बहुत बोलिलें। विविध भेद सूचिले। तऱ्ही आपण हित आपुलें। तेंचि घेपे॥’ सूर्य उगवला की सगळे रस्ते दिसतात, म्हणून सगळ्यांवरून कुणी चालते का, असे ते लगेच पुढे विचारतात. तुझ्या मोबाइलमध्ये पाच गीता आणि तीन भाष्ये आहेत म्हणालास. त्यातली एक ठेव. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, विचार करणे आणि त्याचाच ध्यास धरणे, हा क्रम सांगितला. आपण बहुतेक श्रवणावरच थांबतो आणि नवे ऐकायला धावतो.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायापासून लाग. त्यात गीतेचे वीसच श्लोक आहेत. रोज पाच ओव्या, मोठ्याने, सार्थ प्रत शेजारी ठेवून. अडले तर लगेच टीका उघडू नकोस, एक दिवस ती ओवी डोक्यात राहू दे. जमेल तेव्हा जाणत्याच्या पायाशी बसून निरूपण ऐक. व्यक्ताची भक्ती करणारे श्रेष्ठ की अव्यक्ताचे उपासक, असा अर्जुनाचा पहिलाच प्रश्न आहे. तिथवर पोहोचलास की भगवंताचे उत्तर वाचण्याआधी तुला काय वाटते ते मला लिही.

तुझा,
काका