फिजिक्स घेऊ का? सीमाभागातून आलेले प्रश्न

बेळगाव भागात मी बरीच वर्षं बीएस्सीच्या मुलांना फिजिक्स शिकवलं. निकालानंतर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. काहींना लांब उत्तर लागतं, काहींना चार ओळी पुरतात.

मला पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, पीसीएमबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र) ९१ टक्के पडले. सीईटीची रँक बरी आहे, बेळगावात इंजिनिअरिंगची सीट मिळेल. पण मला फिजिक्स आवडतं. बाबा म्हणतात, बीएस्सी करून शेवटी कुठंतरी कमी पगारावर शिकवायचंच ना? काय करू?
– विद्यार्थिनी, खानापूर

आधी ‘आवडतं’ हा शब्द तपासून घेऊ. कृष्णविवरांचे व्हिडिओ बघायला आवडणं वेगळं आणि फिजिक्स करायला आवडणं वेगळं. घरी एक करून बघ. एक मीटर दोरीला दगड बांध आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर २० झोके मोज. साधारण ४० सेकंद यायला हवेत. समज, ४१ आले. सूत्रात घातलेस तर गुरुत्व त्वरण ९.८ च्या ऐवजी ९.४ च्या आसपास निघेल. आता ‘जवळपास आलं’ म्हणून तू उठतेस, की तो एक सेकंद कुठून आला म्हणून पुन्हा बसतेस? दोरी गाठीपर्यंत मोजली असेल. ती मोजायची असते दगडाच्या मध्यापर्यंत. तेवढ्या पाच सेंटिमीटरांनी वीस झोक्यांत एक सेकंद वाढतो. हे सापडेपर्यंत जिला चैन पडत नाही, तिने फिजिक्स घ्यावं. नुसता कंटाळा आला तर इंजिनिअरिंगला खुशाल जा, त्यात कमीपणा काहीच नाही.

फिजिक्सच घ्यायचं ठरलं, तर जवळचं कॉलेज ही एकच वाट नाही. पुण्याचं आयसर, म्हणजे केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, २००६ पासून आहे. तिथे पाच वर्षांत बीएस-एमएस होतं. त्याच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५. पीसीएमसी, म्हणजे जीवशास्त्राऐवजी कॉम्प्युटर, घेतलेली मुलं जीवशास्त्राला घाबरतात, तुझ्याकडे ते आहे. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईतलं अणुऊर्जा विभागाचं मूलभूत विज्ञान केंद्र यांच्यासाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा असते. बेंगळुरूच्या आयआयएससीत चार वर्षांची संशोधन पदवी आहे. यंदाची मुदत हुकली असेल तर बेळगावात बीएस्सीला प्रवेश घे आणि पुढच्या वर्षी आयसरची परीक्षा दे; आदल्या वर्षी पास झालेल्यांनाही बसता येतं.

बाबांशी बोलताना पैशाचं आधी बोल. बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलांना इन्स्पायर शिष्यवृत्तीत वर्षाला ८० हजार मिळतात. त्यातले ६० हजार हातात येतात आणि २० हजार उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी असतात. अर्ज स्वतःच करायचा असतो. तुझे ९१ टक्के त्या रेषेच्या वर आहेत का, ते बोर्डाच्या कटऑफवरून बघ. आमच्या भागात पात्र असूनही अर्जच न केलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी बीएस्सी सेकंड इयरला आहे. एमएस्सी धारवाडला करू की कोल्हापूरला? आणि वर्गातले काही जण जॅमचं म्हणतात, ते काय असतं?
– विद्यार्थी, बेळगाव

जॅमपासून सुरू करू. आयआयटींच्या एमएस्सीसाठी आणि आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएचडीसाठी ही परीक्षा लागते. बऱ्याच एनआयटीही तिच्याच गुणांवर एमएस्सीला घेतात. ६० प्रश्न, १०० गुण, ३ तास, पेपर इंग्रजीतून. शेवटच्या वर्षाला असताना बसता येतं. आत्ता सेकंड इयरला आहेस, म्हणजे हातात दीड वर्ष आहे, आणि ते पुरतं. फक्त गणित सोडू नकोस. विकलक समीकरणं आणि मॅट्रिक्स ज्याच्या हातात बसलेले नाहीत, त्याला क्वांटम मेकॅनिक्स पाठ करावं लागतं. पाठ केलेलं मुलाखतीत पाचव्या मिनिटाला उघडं पडतं.

जॅम नाही जमलं, तर धारवाड की कोल्हापूर हे गावावरून ठरवू नकोस. दोन्हीकडे बसने जा, एक दिवस घालव. एमएस्सीच्या मुलांना विचार: प्रोजेक्टला खरंच काम करायला मिळतं का? एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची रचना बघायचं मशीन, चालू आहे की कापड टाकून ठेवलंय? शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर, म्हणजे थिन फिल्म्सवर, अनेक वर्षं काम चाललंय. मटेरियल्समध्ये रस असेल तर कोल्हापूर चांगलं. सैद्धांतिक फिजिक्सची ओढ असेल तर दोन्हीकडे त्या विषयाचे कोण शिकवतात, ते बघून ठरव.

एक जाता जाता. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे, महाराष्ट्रात चार वर्षांची ऑनर्स सुरू आहे. त्यामुळे आपण मागे पडलो असं मनात घेऊ नकोस. तीन वर्षांच्या बीएस्सीवर दोन वर्षांची एमएस्सी आजही सरळ होते.

आमची तंबाखूची शेती. मुलगी बारावीला आहे आणि तिला खगोलशास्त्रच करायचंय. आम्हाला यातलं काही कळत नाही. यात नोकरी असते का हो?
– पालक, निपाणी

तुम्ही विचारलंत, यातच तुमच्या मुलीचं निम्मं काम झालं. जयंत नारळीकर १९३८ साली तुमच्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मले. पदवीच्या वेळी त्यांनीही ‘खगोलशास्त्र’ नावाचा कोर्स केला नव्हता. गणिताच्या वाटेने ते तिथे पोचले. पुढे १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तुमच्या मुलीलाही आधी फिजिक्स किंवा गणितात बीएस्सी, मग एमएस्सी आणि मग पीएचडी करावी लागेल.

वर्षांचा हिशोब उघड सांगतो. तीन अधिक दोन अधिक साधारण पाच, म्हणजे दहा वर्षं. त्यातली पहिली पाच घरच्या खर्चाची. पीएचडीला फेलोशिप मिळते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, नंतर ४२ हजार, शिवाय घरभाडं. म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापासून तिचा भार घरावर राहत नाही. जागा मात्र थोड्या असतात आणि स्पर्धा मोठी असते, हे तिच्यापासून लपवू नका.

काम कसं असतं तेही माहीत असू दे. दुर्बिणीला डोळा लावून बसणं त्यात फारसं नसतं. जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्या आकाशातल्या रेडिओ लहरी पकडतात, आणि त्यातून अर्थ काढायचा तो कॉम्प्युटरवर. म्हणून तिला आत्तापासून प्रोग्रॅमिंग शिकू द्या. मधेच वाट बदलावी लागली तरी डेटाच्या कामात तेच कौशल्य चालतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी पकडणारा लायगोचा प्रकल्प होतोय, २०२३ मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळाली. तिच्या वयाच्या मुलांना त्यात काम मिळू शकतं.

आणि एक मागणं आहे. एमएस्सी झाल्या झाल्या लग्नाचा विषय काढून तिच्या पीएचडीच्या मधे उभे राहू नका. पुढे जाऊ शकल्या असत्या अशा मुली मी तिथेच थांबलेल्या पाहिल्या आहेत.

एमएस्सी होऊन दोन वर्षं झाली. नेट तीनदा दिली, दरवेळी थोडक्यात गेली. वय २६. घरी बोलणं खावं लागतं. अजून एकदा देऊ की सोडू?
– विद्यार्थी, चिकोडी

अजून एकदा दे, पण तारीख ठरवून, आणि दुसरं काम सुरू करूनच. नुसतं घरी बसून केलेल्या अभ्यासात सहाव्या महिन्यानंतर धार राहत नाही.

शिकवायची आवड असेल तर बीएड कर. पीयू लेक्चररच्या जागांना एमएस्सीसोबत तेही मागतात. सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राज्याची पात्रता परीक्षा, देतोस का, ते तू लिहिलं नाहीस. सीमेवरच्या माणसाने एक लक्षात ठेवावं: कर्नाटकची सेट कर्नाटकातच चालते, महाराष्ट्राची महाराष्ट्रात आणि गोव्यात, नेट सगळीकडे. आणि कन्नड नीट लिहा-वाचायला शीक. आपली मराठी आपल्या घरात, शाळेत आणि मनात पक्की आहे, कन्नड शिकल्याने ती कमी होत नाही. इथल्या सरकारी नोकरीत कन्नडची परीक्षा असते आणि तयारी नसल्याने चांगली मुलं बाहेर राहतात.

दुसरी वाट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, ती मेडिकल फिजिसिस्टची. कॅन्सरच्या पेशंटला किरणोपचार देताना किती डोस, कुठे आणि किती कोनातून, हा हिशोब तो करतो आणि मशीनही तपासतो. त्याच्याशिवाय असा विभाग चालवता येत नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियमच आहे. फिजिक्सच्या एमएस्सीनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आणि मग वर्षभर हॉस्पिटलात इंटर्नशिप लागते. बीएआरसीचा, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा, डिप्लोमा सगळ्यांत नावाजलेला. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, मिरज, सगळीकडे असे विभाग आहेत. तुझ्या जागी मी असतो तर या महिन्यात त्यांपैकी एका ठिकाणी जाऊन तिथल्या फिजिसिस्टला दहा मिनिटं मागितली असती.

बीएआरसीच्या सायंटिफिक ऑफिसरच्या प्रशिक्षणाला खुल्या वर्गासाठी वयाची मर्यादा २६ आहे. तू कुठल्या वर्गात बसतोस ते आजच बघ.

बीएस्सीला ५४ टक्के पडले. एमएस्सीचं मन नाही. काही मिळेल का?
– वाचक, बेळगाव

मिळेल. उद्यमबागेत फाउंड्रीत चक्कर मार. ओतलेल्या धातूत कुठले घटक किती आहेत ते तपासायला तिथे स्पेक्ट्रो असतो, आणि आत भेग आहे का ते अल्ट्रासाउंडने किंवा एक्स-रेने बघायला एनडीटीची, म्हणजे वस्तू न तोडता तपासणारी, माणसं लागतात. एनडीटी लेव्हल टूचा कोर्स थोड्या दिवसांत होतो, आणि तरंग कसा परततो हे तू कॉलेजात शिकलाच आहेस. कैगा अणुवीज केंद्रात बीएस्सीवाल्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात, पण तिथे ६० टक्के आणि २५ वर्षांची अट असते, त्यामुळे तो नाद सोड. आधी सहा महिने फाउंड्रीत काढ आणि मग मला पुन्हा लिही.