प्लास्टिगेज (बेरिंगमधली मोकळीक मोजायची मऊ प्लास्टिकची पट्टी) लावून तपासल्यावर कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची, खालची कॅप निघत नाही. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली तर चालेल का?

नाही, अजिबात नको. बोल्ट काढूनही कॅप जागची हलत नसेल तर काही बिघडलंय असं समजू नका, ती घट्टच बसायला हवी. जुन्या धाटणीच्या रॉडमध्ये डॉवेल (जागा पक्की करणारी छोटी पिन) किंवा बोल्टचाच जाड भाग तिला जागेवर धरतो. नव्या गाड्यांत बहुधा रॉड अखंड घडवून नंतर मुद्दाम तडकवून त्याची कॅप वेगळी केलेली असते. त्या खडबडीत कडा एकमेकांत रुततात. तुम्ही टोक घालणार ते नेमकं तिथेच. कड जराशी चेपली तरी कॅप पूर्ण टेकत नाही, आणि मग टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) कितीही बरोबर दिला तरी बेरिंगचं भोक गोल राहत नाही.

त्या सिलिंडरचा पिस्टन बीडीसीला, म्हणजे अगदी खालच्या टोकाला आहे ना ते आधी बघा. नसेल तर प्लास्टिगेज आत असताना क्रँक फिरवू नका, पट्टी फासली जाऊन माप वाया जाईल. कॅप काढून नवी पट्टी ठेवणं परवडतं. दोन्ही बोल्ट आळीपाळीने सैल करा, पण पूर्ण काढू नका. चार-पाच आटे धरलेले असू द्या. आता नायलॉनच्या हातोडीने बोल्टच्या डोक्यांवर एकदा इकडे, एकदा तिकडे हलकेच ठोका. बोल्ट रॉडला ढकलतो, कॅप मात्र क्रँकला अडते, म्हणून दोघं सुटतात. मग तेच बोल्ट मुठीसारखे धरून कॅप किंचित हलवत सरळ ओढा. तिरकी ओढली की डॉवेल आवळतो. बेरिंगचा शेल (कॅपमधली अर्धगोल पट्टी) खाली पडू नये म्हणून एक हात खाली ठेवा.

रॉडलाच स्टड (पक्के बसवलेले, वर नट लागणारे बोल्ट) असतील तर नट स्टडच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सैल करून त्यावर ठोका, म्हणजे आटे वाचतात. पिस्टन बाहेर काढायचा असेल तेव्हा स्टडवर जुन्या पेट्रोल पाइपचे तुकडे चढवा. क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो तिथे) स्टडचा एक ओरखडा पडला तर ग्राइंडिंगचा खर्च अंगावर येतो.

कॅप आणि रॉडची जोडी कधीच बदलू नका, उलटी फिरवूनही बसवू नका. दोन्हींवरचे नंबर एकाच बाजूला यायला हवेत. नंबर नसतील तर पेंटने खूण करा. तडकवलेल्या रॉडवर पंच ठोकून खूण करू नका.

बोल्ट टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचे असतील तर ही तपासणी जुन्याच बोल्टवर उरका. नवे शेवटच्या जोडणीला लावा, कारण ते एकदा ताणले की मूळ लांबीवर येत नाहीत.