पोस्टरवर आधी "किती पाण्यात" ते लिही

प्रिय मित्रा,

तुझं ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याचं, पोस्टर बघितलं, मेहनत दिसतेय, पण खरं सांगू का, माहिती भरपूर आहे आणि करायचं काय ते मात्र शोधावं लागतं. जुलाब कशाने होतात, जंतू कुठले, अंगातलं पाणी का कमी होतं, आणि एवढं सगळं झाल्यावर तळाला बारीक अक्षरात "एक पाकीट पाण्यात मिसळून द्यावे". अरे पण किती पाण्यात? मेडिकलमध्ये मोठं पाकीट मिळतं ते एक लिटरचं आणि छोटं मिळतं ते २०० मिलीचं, मोठं पाकीट कुणी एका ग्लासात कालवलं तर मीठ फार होतं, लहान बाळाला ते धोक्याचं. रात्री दोन वाजता पोर कडेवर घेऊन उभी असलेली आई तुझे परिच्छेद वाचत बसणार नाही. तिला कुठलं पाकीट आणि किती पाणी एवढं चित्रात दिसू दे, आणि तांब्या काढू नकोस, तांबे घरोघरी वेगळे, पाण्याची एक लिटरची बाटली काढ.

बांगलादेशात ब्रॅक या सेवाभावी संस्थेने १९८० पासून घरोघरी जाऊन बायकांना हेच पाणी शिकवलं, तेही पाकिटाशिवाय: तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मापं तिच्याच हाताची! आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं, नंतर दुसरी माणसं जाऊन त्याच बायकांकडून पाणी करून घ्यायची, नमुने तपासायची, आणि त्यांच्या किती लक्षात राहिलंय त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. म्हणजे आई चुकली तर उणीव शिकवण्यात, तिच्यात नाही.

सोपं करायचं म्हणून गरजेचं उडवू नकोस हां. प्रमाण हवंच, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं हेही हवं, आणि बाळ सुस्त पडलं किंवा काहीच पीत नसेल तर लगेच दवाखाना. जंतूंची नावं, लोगोंची रांग, पाहुण्यांचे फोटो खुशाल काढून टाक, लोगोवरून कुणी कुरकुर केली तर माझ्याकडे पाठव.

छापायच्या आधी अंगणवाडीत एक चक्कर मार. "समजलं का ताई" असं विचारू नकोस, सगळ्या हो म्हणतात. पोस्टर, दोन्ही पाकिटं आणि चार भांडी समोर ठेव, मधे बोलू नकोस, ती कुठलं भांडं उचलते ते बघ, आणि जिथे अडेल तेवढंच बदल. नवीन ड्राफ्ट शुक्रवारपर्यंत पाठवलास तर शनिवारी बसून बघू.